आईच्या फोनमधली मिरची

गच्चीवर सात-आठ महिने पालथा पडलेला कूलर खाली उतरवला, की आमचा उन्हाळा सुरू होतो. कॅलेंडर काहीही म्हणो. पत्रा जिन्याच्या कठड्याला घासत खाली येतो, त्याच्या पोटात गेल्या वर्षीच्या पाण्याचा पांढरा थर असतो, कोपऱ्यात एखादी वाळलेली पाल असते आणि खसाच्या जुन्या ताट्या हातात घेताच भुगा होऊन पायावर पडतात. नव्या ताट्या बसवून, टाकी भरून पंप सुरू केला की पहिली दहा मिनिटं घरभर ओल्या गवताचा मातकट वास सुटतो. त्या वासात मी दरवर्षी थोडा वेळ मुकाट उभा राहतो. बायको म्हणते, वर्षातून तेवढीच दहा मिनिटं हा माणूस कुणावर ओरडत नाही.

या वर्षीही उभा होतो. कूलर आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत असतो आणि त्याचं तोंड खिडकीतून आईच्या खोलीत उघडतं. आई आत पलंगावर बसून शेंगा सोलत होती आणि तिच्या कमरेच्या कापडी पिशवीतून तो जुना, कडा घासलेला फोन डोकावत होता. तो फोन आणि कूलरचा वास एकत्र आले, की मला एकच उन्हाळा आठवतो. मधे बरेच उन्हाळे गेले, पण त्या एकाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. खरं म्हणजे भांडण उन्हाळ्याशी नव्हतं, एका मिरचीशी होतं.

मी सुधाकर. नागपूरच्या इतवारीत माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. मी भाव करणारा माणूस आहे आणि हे मी लाजत सांगत नाही. भाजीचा भाव करतो, पत्र्याचा करतो, डॉक्टरशी तारखेचा करतो. आवाज चढवला की सौदा लवकर जमतो, असा बाजारातला माझा अनुभव आहे. घरी मात्र त्या आवाजाला गिऱ्हाईक मिळत नाही.

बाबा लवकर गेले. पारशिवनीजवळची दोन एकर शेती धाकट्या भाऊरावच्या वाट्याला आली आणि माझ्या वाट्याला आईची टोपली. तक्रार म्हणून सांगत नाही, पण विसरलेलोही नाही. आई जुन्या लुगड्यांच्या बदल्यात भांडी द्यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत उभे गंज, ताटं, डबे. मागे मी, माझ्या पाठीवर लुगड्यांचं गाठोडं. दारात बसली की ती आधी लुगड्याची घडी मोडायची, काठावरून अंगठा फिरवायची आणि डोळ्यांना न दिसणारी विरलेली जागा अंगठ्याला बरोबर सापडायची. "बाई, हे लुगडं नाही, चाळनी होय," असं म्हणून ती उठायचं नाटक करायची. चार पावलांवर बाई परत हाक मारणारच. भाव करणं मी तिथं शिकलो, दुसऱ्या कुठल्या शाळेत नाही.

आईला वाचता येत नाही. पण तिला शंभर घरं पाठ होती, आणि सगळी चित्रांनी. कुणाचं आडनाव तिला ठाऊक नसे. पेरूवाली, हिरव्या फाटकाची, तुटक्या नळाची, पिवळ्या टाकीची. मी एकदा तिला एका घराची खूण म्हणून उंबऱ्यावरची नक्षी दाखवली होती. ती हसली.

"निशानी दुरून दिसली पायजे, सुधा," ती म्हणाली. "जवळ गेल्यावर दिसली त काय कामाची? घर चुकलं त डोक्यावर टोपली घेऊन उन्हातानात परत कोन फिरन?"

हे मला तेव्हा समजलं होतं. पुढे मोठं दुकान झालं, आणि बऱ्याच गोष्टींसोबत हेही विसरलो.

त्या उन्हाळ्याच्या आधी आईला मी फोन घेऊन दिला होता. चांगला, मोठ्या पडद्याचा. मी आणि बायको रजनी, दोघंही दिवसभर दुकानात. लग्नसराईत तर जेवायलाही वेळ नसे. आई घरी एकटी. डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती म्हणायची, एवढा उन्हाळा जाऊ दे.

फोनच्या पडद्यावर मी आम्हा सगळ्यांचे फोटो लावून दिले. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागायचा. पण आईचा अंगठा आयुष्यभर भांडी घासून, लुगडी चाचपून कडक झालेला. पडदा त्याला कधी दाद द्यायचा, कधी नाही. मग ती दाबून धरायची, आणि दाबून धरलं की फोटो जागेवरून उठायचा, बोटाबरोबर सरकायचा आणि भलतीकडेच जाऊन पडायचा. आठवड्यात दोनदा मी घरी येऊन सगळ्यांना आपापल्या जागी बसवायचो. एकदा तर भाऊराव पार पुसला गेला. आई दोन दिवस त्याला शोधत होती.

"हे पडद्यावरचे लोक जागेवर राह्यत नाही," ती म्हणायची. "पन हे बाजूचं बटन इमानदार हाये. दाबलं त हाताले कळते, दाबलं म्हनून."

तिच्या या वाक्यावरून मला सुचलं आणि मी मेश्रामकडे गेलो. मेश्राम माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत बसतो. वीस वर्षं त्यानं घड्याळं दुरुस्त केली. लोकांनी घड्याळं घालणं सोडलं तेव्हा तो डोळ्याला तेच भिंग लावून फोन उघडायला शिकला. माणूस सावकाश बोलणारा. मला सावकाश बोलणाऱ्यांचा राग येतो.

"मेश्राम, ह्या बटनाचं काही करता येते का?"

"काय झालं त्याले?"

"दाबून ठेवलं का थे इचारते, फोन बंद करू का, परत चालू करू का. माह्या मायले फोन बंद कराचाच नाही. तिले फोन लावाचा हाये."

मेश्रामनं भिंग काढलं. "बटन नाही इचारत, भाऊ. आतमधी एक फाइल हाये, थे इचारते. कंपनीनं त्या फाइलीत जे लिहून ठेवलं, थेच पडद्यावर येते."

"मंग तू दुसरं लिही."

"लिहाले आत जा लागते. आतल्या खोलीले कंपनीचं कुलूप हाये. कुलूप काढलं का ग्यारंटी गेली, अन फोनमधलं सारं पुसून जाते. अन माह्या हातून एक अक्षर चुकलं त फोन उठतच नाही मंग."

"चुकाचंच काहून?"

"तुम्ही घड्याळ घेऊन येत होते तवाही असंच म्हनत होते."

पण त्याला ही कल्पना आवडली होती, हे मला दिसलं. गिऱ्हाईक नाही म्हणताना वस्तू हातातून खाली ठेवत नसेल तर सौदा होणार, हे मी आईकडून शिकलो होतो. मेश्रामनं फोन खाली ठेवला नव्हता.

मग आमचा भाव सुरू झाला. बटण दाबून धरल्यावर येणाऱ्या यादीत किती माणसं बसतील यावर.

"चार," मेश्राम म्हणाला.

"सहा कर."

"हे काय वांगे होय का? पडद्यावर आईच्या अंगठ्याएवढं एकेक घर पायजे. चारच बसते."

"पाच. अन फोन बंद कराचं काढून टाक."

"थे काढलं न उद्या फोन अडकला, त तुम्हीच माह्या दुकानापुढं बोंबलत उभे राहान. खाली बारीकसं ठेवतो."

मी चारवर उतरलो. धंद्यात इतक्या लवकर मी कधी उतरलो नाही. चार माणसं ठरली: मी, भाऊराव, कामठीला दिलेली बहीण आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू. आईला वाचता येत नाही म्हटल्यावर मेश्राम म्हणाला, नावं नकोच, त्या फाइलींसोबत बारीक चित्रंही असतात, तीही बदलून टाकू. प्रत्येक माणसाला एक चित्र.

पहिल्या दिवशी फोन मेला. मेश्रामनं आतलं सगळं बदलून परत बसवलं आणि चालू केला, तर कंपनीचं नाव पडद्यावर यायचं, जायचं, पुन्हा यायचं. त्यापुढे काही नाही. दार उघडून माणूस नुसता उंबऱ्यावर यावा आणि परत आत जावा, तसं. मी दुकान सोडून दोनदा बघायला गेलो आणि दोन्ही वेळा गल्ली गोळा होईल एवढा ओरडलो.

मेश्रामनं मान वर केली नाही. "बोंबलल्यानं फोन चालू होत असता न भाऊ, त हे दुकान मी तुमच्याच नावानं करून देल्लं असतं."

दुसऱ्या दिवशी त्याला चूक सापडली. फाइल बरोबर लिहिली होती, पण ती वाचायची परवानगी फोनला द्यायची राहिली होती. चिठ्ठी लिहून पेटीत ठेवली आणि किल्ली आपल्याच खिशात. ते झालं आणि फोन उठला. चित्रं निवडायला मेश्रामनं आईला बोलावलं. नेमका भाऊराव गावाहून आला होता, तो तिच्याबरोबर गेला. मी एका लग्नाच्या पार्टीला तीनशे ताटं दाखवत होतो, मला उठता आलं नाही.

तासाभरानं दोघं परत आले. आईनं फोन माझ्यापुढे धरला आणि बाजूचं बटण दाबून ठेवलं. पडदा काळा झाला आणि त्यावर चार चित्रं उमटली. भाऊराव म्हणजे पांढरा बैल. बहीण म्हणजे बांगडी. खालच्या काकू म्हणजे त्यांच्या दारातली तुळस. आणि मी म्हणजे मिरची. लाल, देठासकट, जराशी वाकलेली.

आईनं मिरची दाबली. माझ्या हातातला फोन वाजला. ती लहान पोरीसारखी हसली. भाऊरावही हसला, पण त्याचं हसणं वेगळं होतं, निदान मला तसं वाटलं.

संध्याकाळी मी मेश्रामला गाठलं. "मिरची कोनं निवडली?"

"आईनं. भाऊराव सोबत होते."

यातलं दुसरं वाक्यच माझ्या कानात राहिलं.

एक कबूल करतो. ते बटण कामाचं निघालं. पडद्यावरची माणसं आता कुठं सरकत नव्हती. कारण ती पडद्यावर नव्हतीच, खाली फोनच्या हाडात बसलेली होती. दररोज दुपारी दोनच्या सुमाराला दुकानात माझा फोन वाजायचा.

"जेवला का?"

"गिऱ्हाईक हाये वं माय."

"मंग गिऱ्हाइकाले सांग, माय जेव म्हनते."

एवढंच. कधी वीस सेकंदांच्या वर ते बोलणं गेलं नाही. मी चिडून फोन ठेवायचो आणि मग जेवायला बसायचो. रजनी डबा आधीच उघडून ठेवायची, कारण फोन येईपर्यंत मी बसत नाही हे तिला माहीत होतं.

पण मिरची मला बोचत होती. अक्षय्य तृतीयेला आम्ही सगळे भाऊरावकडे पारशिवनीला गेलो. पुरणपोळी, चिंचवणी, कुरड्या, बाहेर आंब्याखाली बाजा टाकलेल्या. आईचा फोन हातोहात फिरत होता. जो तो बटण दाबून बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. भाऊराव पन्ह्याचा पेला हातात घेऊन म्हणाला, "दादा, मेश्रामनं कंपनीचं कुलूप तोडलं, पन तुह्या स्वभावाचं काही तुटलं नाही त्याच्यानं."

सगळे हसले. आईसुद्धा, तोंडाला पदर लावून. भाऊरावचं हसणं मी सोसलं असतं. पदराआडचं ते हसणं मला लागलं. शेत त्याला, बैल त्याला. टोपली मला, मिरची मला.

परत येताना रजनी म्हणाली, "इतकं काय त्यात? मिरचीच त हाये."

"तुले कोनी मिरची म्हनलं असतं त?"

"तुम्ही रोजच म्हनता."

मे महिना संपत आला, नवतपा लागला. आमच्याकडे हे नऊ दिवस सूर्य घरातल्या पाहुण्यासारखा असतो, उठायचं नाव घेत नाही. रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं, नळाचं पाणी चहाला चालेल असं येतं. त्या दिवसांत एका संध्याकाळी मी आईच्या पिशवीतून फोन काढला, चार्जिंगची जागा साफ करून आणतो म्हणून तिला सांगितलं आणि मेश्रामकडे नेला.

"मिरची काढ. गंज टाक."

गंज म्हणजे दूध तापवायचं, वरण शिजवायचं उभं भांडं. माझ्या दुकानाच्या पाटीवरही तोच आहे. आई तो डोक्यावर घेऊन अर्धं नागपूर फिरली होती. मला वाटलं, याहून जास्त मी कशात असणार?

"आईले इचारलं का?" मेश्राम म्हणाला.

"मी पोरगा हाओ तिचा. मी सांगतो तिले."

"फोन त्याह्यचा, डोये त्याह्यचे."

"अन चित्र माहं. टाक म्हनलं ना."

त्यानं टाकला. चकचकीत, काठाचा, राखाडी गंज. फोन परत मिळाला तोवर आई झोपली होती. सकाळी मी तो तिच्या उशाशी ठेवला आणि सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात ती उठली आणि तिनं कूलर बंद केला.

"काहून बंद केला?"

"गार हवा हाडाले लागते. अन पानी काय फुकट येते?"

"माय, नवतपा चालू हाये."

"तुह्या बापानं कूलर पाह्यला होता का?"

यावर मी काय बोललो ते लिहायला आजही हात जड होतो. मी कूलरचं बटण परत चालू केलं, तिनं परत बंद केलं, आणि मी म्हणालो, "ठेव मंग बंद. पन उकडून राहिलं म्हनून मले फोन करू नको." दार आपटलं आणि निघालो. गंजाचं सांगायचं राहून गेलं.

दोन वाजले. फोन वाजला नाही.

रजनीनं डबा उघडला, मी बसलो नाही. अडीच झाले. मी म्हणालो, फुगून बसली असेल. रजनी म्हणाली, "तुम्ही लावा." मी म्हणालो, "मी काहून लावू? तिले बटन हाये." तीन वाजले. कुकर बघायला आलेल्या एका बाईशी मी उगाच वाद घातला. मग चारच्या सुमाराला मनीषनगरकडून आलेला एक ओळखीचा माणूस पाणी पिता पिता सहज बोलून गेला, "तुमच्याकडं अकरापासून लाइन गेली हाये. कुठं तरी डीपी जळाली म्हने."

कूलर बंद म्हटलं तरी पंखा तरी होता, असं मी मनातल्या मनात धरून बसलो होतो. मी तिथूनच फोन लावला. वाजत राहिला. गाडी काढली.

तो रस्ता मला आठवत नाही. तोंडावर दुपट्टा, हेल्मेटच्या आत भट्टी, सिग्नलला थांबलेली माणसं झाडाच्या हातभर सावलीत गोळा झालेली, एवढंच आठवतं. दोन मजले चढलो. आई स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, माठाला पाठ टेकून. पदर ओला करून डोक्यावर घेतला होता, तोही वाळला होता. ओठ पांढरे. दोन्ही हातांत फोन धरलेला. मी लावलेल्या फोनवर तिचा अंगठा तीनदा घासला असणार. पडद्यानं दाद दिली नव्हती.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मिरची कुठं गेली?"

खालच्या काकू धावत आल्या, रिक्षा आली, डॉक्टरांनी सलाईन लावली. ऊन लागलं म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर अवघड होतं. संध्याकाळपर्यंत आई उठून बसली आणि नर्सला तिच्या साडीच्या बदल्यात किती गंज आले असते ते सांगू लागली. तेव्हा कुठं मी स्टूल ओढून बसलो.

"बैल होता ना माय," मी म्हणालो. "तुळस होती. कोनालेही लावाचं."

"लावून काय सांगू?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. "माह्या पोरानं रागानं आपलं नाव काढून नेलं, असं सांगू? भाऊरावले सांगू? काकूले सांगू?"

तिला चक्कर येत होती, घसा वाळला होता, हातात तीन माणसांची चित्रं होती. आणि ती दाबत नव्हती, कारण दाबलं असतं तर माझी गोष्ट बाहेर गेली असती.

"अन गंज? गंज दिसला नाही?"

"दिसला. मले वाटलं फोनवर भांडे इकून राहिले कोनी." मग ती माझ्याकडे वळली. "गंज म्हंजे गंज, सुधा. त्यात तू कुठं?"

दुसऱ्या दिवशी मी मेश्रामकडे गेलो. काय झालं ते त्याला कुणीतरी सांगितलं असावं. त्यानं जुनी फाइल पुसली नव्हती, जपून ठेवली होती. म्हणाला, "तुम्ही याल, माहीत होतं मले." अर्ध्या तासात मिरची परत आपल्या जागी बसली. त्या दिवशी मी भाव केला नाही. आई घरी आली, तिनं बटण दाबून धरलं, पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि मान हलवली. बाजारातून आणलेला माल मोजून बरोबर निघावा, तशी.

भाऊरावला मी यातलं कधी सांगितलं नाही. त्याच्या त्या हसण्याची तक्रार मात्र जपून ठेवली. दर अक्षय्य तृतीयेला पारशिवनीला जातो, पुरणपोळी खातो, आणि तो पन्ह्याचा पेला घेऊन उभा राहिला की माझा चेहरा आपोआप उतरतो. त्याला कारण माहीत नाही. मला ते सांगायचं नव्हतं.

मधे आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता तिला कूलरच्या पत्र्यावरचा गंजही दिसतो आणि ती तो मला दाखवते. फोन म्हातारा झाला. गेल्या दिवाळीत त्याची पाठ फुगली. मेश्राम म्हणाला, भाऊ, नवा घ्या. पण नव्या फोनांची कुलपं त्याच्या हाताबाहेरची आहेत, आणि तोडली तरी कुलूप तोडलेल्या फोनवर बँकेचं वगैरे काही चालत नाही. "आईले कुठं बँक चालवाची हाये?" मी म्हणालो. मेश्रामनं कुठूनशी जुन्या फोनची बॅटरी शोधून आणली. त्या फोनवर आता दुसरं काही होत नाही. बटण दाबायचं, चार चित्रं. पैकी बांगडीनं नंबर बदलला, तो मेश्रामनं आत जाऊन पुन्हा लिहून दिला. बाकी सगळे जागेवर.

तर या वर्षी, कूलर बसवून झाल्यावर मी गॅलरीत पाइप टाकीत सोडून उभा होतो. ओल्या खसाचा वास सुटला होता. आई आत शेंगा सोलत होती. इतक्या वर्षांत जे विचारलं नाही ते त्या दहा मिनिटांत मी विचारून टाकलं. कदाचित मधे ताटी होती म्हणून. तिचा चेहरा धड दिसत नव्हता.

"माय, एक इचारू?"

"इचार."

"मिरचीच काहून घेतली वं मले? भाऊराव म्हनला म्हनून ना?"

"भाऊराव?" शेंगांचा आवाज थांबला. "तो त मले म्हने, दादाले गंज दे, गंज. नाहीतर बोंबलन तो."

मी पाइप या हातातून त्या हातात घेतला.

"मंग?"

"मंग काय. मीच नाही म्हनलं. डोये कुठं होते मले तवा? थो बैल पांढरा, बांगडी पिवयी, तुयस कायीशार. सारं धुरावानी दिसे. गंज त चटकन दिसलाच नसता. मेश्रामनं पन्नास चित्रं दाखवले, त्यात एक मिरचीच लाल होती." परत शेंग फुटल्याचा आवाज आला. "चक्कर येऊ दे, काही होऊ दे, पहिले तूच दिसला पायजे ना."

भाऊरावला काय सांगायचं, आणि सांगायचं की नाही, याचा हिशेब मनात जुळेना. इतक्या अक्षय्य तृतीयांचा माझा उतरलेला चेहरा, आणि तो बिचारा दरवेळी दुसरी पोळी वाढायचा.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ताटीच्या ओल्या काड्यांमधून आत बघितलं. आई पलंगावर बसून फोन कानाला लावून भिंतीकडे बघत होती. आमच्यात हातभर अंतर होतं.

मी फोन उचलला. "हॅलो."

"टाकी भरली का?"

"भरून राहिलो वं माय."

"मंग भर. अन जेवाले ये."

नेहमी मीच आधी ठेवतो. या वेळी मी ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही. फोनमधून पंपाचा आवाज येत होता आणि खिडकीतूनही तोच येत होता. टाकी भरून पाणी माझ्या पायांवर आलं, तेव्हा कळलं.